व्याह्यांचा गिअरबॉक्स

मुलीच्या होणाऱ्या सासरी पहिल्यांदा जेवायला जायचं तर माणसाने निदान तोंड पुढे करून जावं, एवढीच बाईंची अपेक्षा होती. डॉक्टरांच्या गाडीने तेवढीही पुरी होऊ दिली नाही.

बाई म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरात, गल्लीत, भाजीच्या दुकानात त्यांना सगळे बाईच म्हणत. त्यांचे यजमान डॉक्टर, पण दातांचे. दवाखाना त्यांनी बंद केला होता, तरी समोरचा माणूस हसला की त्यांची नजर अजूनही आधी त्याच्या दाढांकडे जायची. या दोघांची एकुलती एक लेक पुलांची इंजिनिअर होती. बाहेर तिच्या हाताखाली पन्नास माणसं काम करत, घरात मात्र ती अजून ठकीच. ठकीने आपलं लग्न आपणच जमवलं होतं, एका जनावरांच्या डॉक्टरशी. दोन्हीकडच्या आईबापांची भेट तेवढी राहिली होती आणि त्यासाठी त्या रविवारी मुलाच्या घरी जेवायचं बोलावणं होतं.

गाडी ठकीच्या शाळेच्या दिवसांतली. डाव्या पायाला क्लचचा त्रास नको म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम आपोआप गिअर बदलणारी घेतली होती. विकणाऱ्याने सांगितलं होतं की हिच्या गिअरबॉक्समधलं तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही. कुणाच्या आयुष्यभर, ते डॉक्टरांनी विचारलं नाही. ज्या माणसाने उभा जन्म लोकांना दोन्ही वेळा दात घासायला सांगण्यात घालवला, त्याने आपल्या गिअरबॉक्सला इतक्या वर्षांत एकदाही चूळ भरू दिली नव्हती. अलीकडे गिअर बदलताना गाडी उचकी लागल्यासारखी करायची. बाई म्हणायच्या, विकून टाका. डॉक्टर म्हणायचे, वय झालं की थोडं व्हायचंच.

मुलाचं घर टेकडीवरच्या वसाहतीत. अर्धा चढ झाला आणि इंजिनाने मोठ्याने गळा काढला. चाकं मात्र जणू त्या गावचीच नव्हती. डॉक्टरांनी गिअरचा दांडा मागे घेतला, पुढे ढकलला, पुन्हा मागे घेतला. शेवटी उलटा गिअर टाकल्यावर गाडी अगदी आज्ञाधारकपणे मागे सरकली. पुढे जाण्याचं सगळं सामर्थ्य संपलं होतं, मागे जाण्याचं तेवढं शाबूत होतं.

बाईंनी सुचवलं की गाडी इथेच लावू आणि भाड्याची बोलवू. डॉक्टरांना ते पटलं नाही.

"अगं, मागे जातेय ना? मग मागेच जाऊ," ते म्हणाले. "फक्त वर."

एका बंगल्याच्या फाटकात गाडी आडवी घालून, उताराच्या आधाराने तिचं तोंड खाली वळवून, टेकडीकडे पाठ करून त्यांनी चढायला सुरुवात केली. ठकी मागच्या काचेतून बघून डावीकडे, उजवीकडे असं सांगत होती. सकाळपासून ती तेवढंच बोलली. बाईंनी मनाशी म्हटलं, सासरी जायच्या नुसत्या कल्पनेने पोरगी बावरली आहे. मधेच खालून पावाची एक गाडी आली. तिला पुढे जायला वाट मिळेना. मग बराच वेळ दोन्ही गाड्या एकमेकींच्या तोंडाला तोंड लावून एकाच दिशेने चालत राहिल्या. पाववाला आधी चिडला, मग गोंधळला, मग त्याने आपली गाडी कुठल्या गिअरमध्ये आहे ते खाली वाकून पाहिलं. डॉक्टर सभ्य गृहस्थ असल्यामुळे संपूर्ण चढभर त्याच्याकडे बघून हसत होते.

अशा रीतीने व्याह्यांचं पहिलं दर्शन बाईंना मागच्या काचेतून झालं. मुलाचे आईवडील स्वागताला पायऱ्यांवर उभे होते. आपल्याकडे पार्श्वभाग करून पाहुणे येत आहेत हे बघून दोघांनी एकेक पायरी वर घेतली, आणि तेच बरं झालं, कारण गाडी खालच्या पायरीवरची कुंडी घेऊनच थांबली.

मुलाच्या वडिलांना सगळे चीफ म्हणत. जन्मभर मालवाहू जहाजांवर चीफ इंजिनिअर होते. आता जहाज नव्हतं आणि हात स्वस्थ बसत नव्हते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी घरातली प्रत्येक वस्तू त्यांनी निदान एकदा तरी खोलली होती. मुलाची आई मोठ्या इस्पितळात मेट्रन होती. तिच्या आवाजाने म्हणे सर्जनसुद्धा पुन्हा हात धुऊन येत. बाईंनी एका नजरेत ओळखलं की ही आपल्याच जातकुळीची आहे, आणि थोड्या सावध झाल्या.

नमस्कार झाले, कुंडीबद्दल माफी मागून झाली. चीफचं लक्ष मात्र गाडीच्या पोटाखालून टपटपणाऱ्या काळ्या तेलाकडे होतं. त्यांनी ते बोटावर घेतलं, हुंगलं आणि जळल्याचं जाहीर केलं. मग गॅरेजमधून जॅक आणि टेकू आणून गाडीचं तोंड उचललं, जमिनीवर चटई टाकली आणि डॉक्टरांना फर्मावलं, "डॉक्टर, खाली या." डॉक्टर नव्या कोऱ्या सदऱ्यासकट खाली गेले. मेट्रन बाईंना घर दाखवायला आत घेऊन गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाईंना गाडीच्या पुढून बाहेर आलेले दोन्ही बापांचे चार पाय दिसले. मागे डिकीपाशी ठकी आणि मुलगा अगदी हळू आवाजात काहीतरी बोलत उभे होते. बाईंना ते दृश्य फार गोड वाटलं.

दोघे बाहेर आले तेव्हा चीफचा उत्साह पार मावळला होता. डॉक्टर तर असे दिसत होते, जणू स्वतःचीच दाढ उपटून आलेत. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग चीफने घसा साफ केला.

"गिअरबॉक्स उतरवावा लागेल," ते म्हणाले. "इथेच."

बाईंनी विचारलं की ओढून एखाद्या गॅरेजात का नेऊ नये. त्यावर दोघे एका सुरात नाही म्हणाले. नुकतीच ओळख झालेल्या माणसांचं इतकं एकमत बाईंनी शिक्षकांच्या सभेत कधी पाहिलं नव्हतं. गॅरेजवाले काय सांगणार ते चीफने सांगितलं. इतक्या जुन्या गाडीवर खर्च करू नका, भंगारातून दुसरा गिअरबॉक्स आणा आणि हा फेका, म्हणतील.

"का फेकायचा?" चीफ म्हणाले. "आतल्या प्लेटा झिजल्यात, रबरी सीलं वाळलीत, एवढंच. उघडायचं, धुवायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा बसवायचं. नीट केलं तर नव्यापेक्षा जास्त टिकतं." हे बोलताना ते गाडीकडे बघत नव्हते, पण बाईंच्या ते लक्षात आलं नाही.

जेवताना ठकीने घास खाली ठेवला आणि म्हणाली, "आई, आम्हाला दोघांना काही सांगायचंय."

"तुझे हात दाखव," चीफ मधेच म्हणाले. ठकीने गोंधळून हात पुढे केले. हात अगदी हवे तसे निघाले. बारीक, अडचणीत शिरणारे. मुलाचा हात गाईच्या पोटातून वासरू ओढायला सरावलेला, म्हणजे न बघता नुसत्या स्पर्शाने काम करणारा. चीफने तिथल्या तिथे कामं वाटून दिली. सांगायचं राहून गेलं. संध्याकाळी तिघंही बसने घरी परतले आणि गाडी विहीणबाईंच्या दारात तोंड वर करून राहिली.

इथून जे सुरू झालं त्याला बाई पुढे नुसतं 'ते प्रकरण' म्हणत.

पुढच्या चाकांनी ओढली जाणारी गाडी. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढेच, आडवे, एकमेकांना बिलगून. एकाला काढायचं तर दुसऱ्याला वरून टांगून ठेवावं लागतं. चीफने गाडी गॅरेजमध्ये ढकलून घेतली, तिथल्या तुळईला साखळी बांधून इंजिन टांगलं, चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे उपसले आणि गिअरबॉक्स एका दुपारी सगळ्यांच्या देखत खाली आला. मेट्रनने तो बघितला आणि म्हणाली, पेशंट या अवस्थेत टेबलावर घेणार नाही. आधी गिअरबॉक्स धुतला गेला, मग चीफ. गॅरेजच्या टेबलावर उकळलेली पांढरी चादर अंथरली गेली. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय कुणी आत यायचं नाही असा हुकूम निघाला, आणि तो बरोबरच होता, कारण या खोक्याच्या आतल्या वाटा इतक्या बारीक की कापडाचा एक धागा अडकला तरी गाडी पुन्हा लंगडी व्हायची.

सगळ्यात मोठी अडचण अशी निघाली की चीफला लहान वस्तू दिसतच नसत. जहाजावर ज्या नटाला दोन माणसं लागत तो त्यांच्या हिशेबी लहान. पहिल्याच तासात त्यांनी एक बोल्ट असा पिळला की त्याचं डोकं हातात आलं आणि धड आतच राहिलं. तेव्हा डॉक्टर पुढे सरसावले. घरून आणलेली पेटी उघडली, आरसा घातला, टोकदार हत्यार घेतलं आणि तुटलेल्या दाढेचं मूळ काढावं तसा तो तुकडा हलवून हलवून बाहेर काढला. सवयीने म्हणालेही, "झालं, आता थुंका." त्या दिवसापासून चीफ त्यांना फार मानू लागले. दोघे एका स्टुलावर अर्धे अर्धे बसून दातेरी चक्रं तपासत. डॉक्टर एकेक दाता निरखून सांगत की हा निरोगी आहे, याला किंचित कीड आहे, आणि चीफ मान डोलवत.

बाईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. हॉल बघायचे, माणसं कळवायची, शंभर गोष्टी. विषय काढला की डॉक्टर म्हणत, आधी हे मार्गी लागू दे. आणि ते काही मार्गी लागेना. गिअरबॉक्सच्या पोटातली एक चपटी पेटी उघडताना आतले लोखंडी छर्रे उडाले आणि गॅरेजभर पळाले. जनावरांचा डॉक्टर आणि ठकी, दोघं गुडघ्यांवर रांगत कपाटांखाली शोधत राहिले. एक सोडून सगळे मिळाले. तो एक शोधायला पुढचा रविवार गेला. मग नव्या प्लेटा तेलात भिजत घालायच्या होत्या, त्यासाठी चीफने मेट्रनचं केकचं भांडं न विचारता घेतलं. मेट्रन त्यांच्याशी दोन दिवस फक्त इस्पितळी भाषेत बोलली. पेशंटने जेवून घ्यावं. पेशंटने दिवा बंद करावा. मग सील उलटं बसलं म्हणून सगळं पुन्हा खोललं. मग जे सील बसवलं ते भलत्याच गाडीचं निघालं. तेल भरताना नळी सुटली आणि लाल तेलाने पायऱ्या अशा माखल्या की पोस्टमनने लांबूनच हाक मारून सगळं ठीक आहे ना विचारलं.

दर रविवारी ठकी आणि मुलगा जेवणाच्या टेबलाशी एकमेकांकडे न बघता काहीतरी सांगायला सुरुवात करत, आणि दर रविवारी दोघांपैकी एक बाप गिअरबॉक्सची काहीतरी अडचण काढून ते वाक्य मधेच तोडत असे. बाईंना याचा राग येऊ लागला होता. बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ द्यावं हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. आता ते घरच्यांना शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

एक बदल मात्र त्यांना जाणवला. सुरुवातीला ठकी टॉर्च धरायची तेव्हा तोंड दुसरीकडे असायचं आणि उजेडही दुसरीकडेच पडायचा. मग हळूहळू उजेड जागेवर पडू लागला. एकदा गॅरेजमधून दोघांच्या भांडणाचा आवाज आला. बाई धावत गेल्या, तर स्प्रिंग आधी बसवायची की छर्रा, यावरून चाललं होतं. शेवटी ठकीने छर्ऱ्याला व्हॅसलीन लावून तो जागेवर चिकटवला आणि मुलाने वरून स्प्रिंग ठेवली. दोघंही एकदम हसली. बाईंना वाटलं, भांडावं तर असं.

मग एक दिवस बाईंनी ठरवलं की या घोळाचा निकाल आपणच लावायचा. डॉक्टर म्हणत होते की अजून एक सील मिळत नाहीये, त्यावाचून घोडं अडलंय. बाई बसने थेट सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. गल्ल्यावर एक मध्यमवयीन बाई बसली होती. मुख्याध्यापिकांना बघताच ती ताडकन उठून उभी राहिली. बाईंच्याच शाळेतली, मागच्या बाकावरची, दोन वेण्या घालणारी. आता वेण्या नव्हत्या, पण हात आपोआप मागे गेले होते.

बाईंनी सील मागितलं. दुकानदारीण जमिनीकडे बघू लागली.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बाई, मला सांगायला मनाई आहे."

"आणि खोटं बोलायला?"

ती फार वेळ टिकली नाही. ते सील तर डॉक्टरांनी पंधरवड्यापूर्वीच नेलं होतं. आणि गेल्या आठवड्यात डॉक्टर आणि ते जहाजवाले साहेब, दोघं तीच गाडी चालवत दुकानावर आले होते. तिने स्वतः एक चक्कर मारून पाहिली. "सोन्यासारखं काम झालंय, बाई," ती म्हणाली. "मी तर विचारलं, आमच्याकडे कामाला येता का."

बाई घरी आल्या तेव्हा डॉक्टर व्हरांड्यात बसून कुठल्याशा नटाला पॉलिश करत होते. बाईंनी पर्स खाली ठेवली आणि समोरची खुर्ची ओढली. शाळेत त्या असं करत तेव्हा मुली आपोआप सगळं कबूल करत. डॉक्टरांनीही केलं.

पहिल्या रविवारी दोघं गाडीखाली असताना मुलं डिकीपाशी बोलत होती, ते खाली लख्ख ऐकू येत होतं. ठकीने घाटापलीकडच्या एका लांबच्या गावातल्या पुलाचं काम स्वीकारलं होतं, त्याला न विचारता. दोन वर्षांचं. त्यानेही इथे दवाखान्यासाठी जागा पक्की केली होती, तिला न विचारता. दोघांनी ठरवलं होतं की लग्नच मोडायचं आणि जेवताना सगळ्यांना सांगून मोकळं व्हायचं. हे ऐकून दोन्ही बाप गाडीखाली आडवेच राहिले होते. मग चीफने कानात विचारलं होतं, डॉक्टर, तुम्हाला घाई आहे का? डॉक्टर म्हणाले होते, नाही.

"एकदा बोलून टाकलं की मग मागे घेता येत नाही गं," डॉक्टर म्हणाले. "आम्हाला वाटलं, थोडे दिवस मिळाले तर बघू. हाताला काम असलं की माणूस बोलतो."

लेकीवर एवढं ओढवलं आणि आपण विहीणबाईंशी हॉलच्या खुर्च्यांची चर्चा करत होतो, हे बाईंना लागलं.

"मला का नाही सांगितलंत?" त्यांनी विचारलं. आवाज मुख्याध्यापिकांचा नव्हता.

डॉक्टरांनी नट खाली ठेवला. "तू त्या दोघांना त्याच दिवशी समोरासमोर बसवून विचारलं असतंस."

हे खरं होतं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी विचारलं की मग आता पुढे काय. डॉक्टर म्हणाले, तेच तर कळत नाही. मुलं बोलू लागलीत, हसतात, पण मिटलं की नाही ते कळायला मार्ग नाही. ठकीला रुजू व्हायची तारीख जवळ आलीय, आणि गिअरबॉक्समध्ये बिघडण्यासारखं आता काहीच उरलेलं नाही. निमित्तं संपली. चीफही फार काळजीत आहेत.

त्या रविवारी जेवायला बसताना बाईंनी मुद्दाम ठकीच्या समोरची खुर्ची धरली. मेट्रनने वाढलं. सगळे खाली मान घालून जेवू लागले. मग जनावरांच्या डॉक्टरने सहज विचारलं, "बाबा, गाडीचं काय? आज होईल ना पुरी?"

चीफने डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी पाण्याच्या पेल्याकडे. दोन्ही मोठी माणसं परीक्षेत पाठ न आठवणाऱ्या मुलांसारखी बसली होती. ठकीने घास खाली ठेवला. ती आता बोलणार, हे बाईंना दिसलं. आणि ज्या बाईंनी उभ्या आयुष्यात हजेरीपटावर एक खोटी सही चालू दिली नव्हती, त्यांनी तोंड उघडलं.

"मला विचाराल तर," त्या म्हणाल्या, "गाडीचा आवाज काही बरा वाटत नाही."

डॉक्टरांच्या हातातला पेला तसाच राहिला. गाडी तर सुरूही नव्हती. बाईंचे कान गरम झाले. आता कुणीतरी विचारणार, कुठला आवाज, कधी ऐकलात. पण टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून मेट्रनचा इस्पितळी आवाज आला.

"मलाही नाही वाटत. अजून महिनाभर तरी हलवू नये."

बाईंनी चमकून विहिणीकडे पाहिलं. मेट्रन अत्यंत शांतपणे भात कालवत होती. म्हणजे हिलाही ठाऊक होतं. कुणाकडून, कधीपासून, देव जाणे. पण त्या क्षणी बाईंना ती सख्ख्या बहिणीसारखी वाटली.

ठकी आणि मुलगा एकमेकांकडे बघत होते. मुलाचे खांदे हलायला लागले. ठकीने त्याला टेबलाखालून लाथ मारली असावी, कारण तो दचकला.

"आई," ठकी म्हणाली, "गाडीला काहीही झालेलं नाही. काल आम्ही तिकडे जाऊन आलो तिच्यातून. पुलाच्या गावाला."

मग मुलानेच सांगायला घेतलं. नादुरुस्त गाडीच्या टायरला रोज ताजा चिखल कसा, हे त्याला बरेच दिवस कोडं होतं. आठवड्याच्या मधे एकदा त्याने किल्ली फिरवून पाहिली, गाडी चालली. त्याने ठकीला कळवलं. काल घरचे बाहेर पडल्यावर दोघं निघाले, घाट चढून पलीकडे गेले आणि रात्र पडायच्या आत परत येऊन गाडी होती तशी लावून ठेवली. तिकडे पुलाच्या कामापासून जवळच एक बैठी जागा बघितली. त्या भागात गुरं चिक्कार आणि जनावरांचा डॉक्टर औषधालासुद्धा नाही. दोन वर्षं तो तिथे दवाखाना लावणार. इथली जागा त्याचा मित्र सांभाळणार. मग पूल झाला की बघू.

"मी त्याला आधी विचारायला हवं होतं," ठकी म्हणाली. "त्यानेही मला. ते जातानाच बोलून झालं. घाट लांब आहे."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मेट्रनने न बघता पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला.

डॉक्टरांनी विचारलं, मग गाडी चालू झालीय हे कळल्यावर सरळ विचारलं का नाही. त्यावर मुलगा जरा ओशाळला.

"तुम्ही दोघं इतके रमला होतात, काका. बाबा जहाज सोडल्यापासून इतके खूश आम्ही पाहिलेच नव्हते. काम संपलं म्हणून सांगायचं जिवावर आलं."

चीफ हे ऐकत नव्हते. त्यांचं लक्ष एकाच शब्दाशी अडकलं होतं.

"घाटातून नेलीत?" त्यांनी विचारलं. "भर चढावर दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कशी जाते?"

मुलगा खरं बोलणारा होता. त्याने जरा आठवून पाहिलं. "चांगली जाते. किंचित अडखळते, बस."

"किंचित म्हणजे किती?" डॉक्टर म्हणाले.

"उचकीएवढं."

दोन्ही व्याह्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांच्या चेहऱ्यांवर हळूहळू असा उजेड पसरला की बाईंना त्यांची कीव आली. पोरं या गाडीतून घाट चढून जाणार-येणार म्हटल्यावर उचकी चालणार नव्हती. ती दुरुस्त करायची तर खालची पेटी उघडायला हवी. पेटी उघडायची तर तेल काढायला हवं. डॉक्टरांनी भात अर्धा टाकला. चीफ हात धुवायला उठले. ठकी म्हणाली की नुसती स्प्रिंग बदलून भागेल, मुलगा म्हणाला की नाही भागणार, आणि हा वाद घालत दोघंही त्यांच्या मागोमाग गॅरेजकडे निघून गेली. थोड्याच वेळात जॅकची कुरकुर ऐकू आली.

टेबलाशी दोघी विहिणीच राहिल्या. समोर सहा ताटं, त्यांतली चार अर्धवट. मेट्रनने उठून भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली, बाईंनी चष्मा लावला, आणि लग्नाची तारीख त्या दोघींनी ठरवून टाकली. बाकीच्यांना कळवायची काही घाई नव्हती.